अँडी ग्रोव्ह यांचा आलेख आणि अण्णांची वही

मीटिंग चालू होती. काचेतून सेक्रेटरीचा चेहरा दिसला आणि अँडी ग्रोव्ह यांना कळलं, ज्या फोनची वाट होती तो आलाय. ते उठले आणि जवळजवळ पळतच आपल्या खोलीत गेले. फोनवर युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर होते. गाठ आहे, मुख्यतः उजव्या बाजूला, डावीकडे जराशी. मध्यम आक्रमक आहे. बाहेर पसरली असण्याची शक्यता कमी. एवढ्या चार वाक्यांत सांगून झालं.

ग्रोव्ह तेव्हा संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे प्रमुख होते. जन्म १९३६ चा, बुडापेस्टचा. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून निसटून अमेरिकेत आले, बर्कलेला केमिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली आणि १९६८ साली इंटेल सुरू झाली तेव्हापासून तिथेच होते. आपल्या प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरची आणि उपचार कसा निवडला याची हकिकत त्यांनी स्वतः लिहिली. ती १३ मे १९९६ च्या 'फॉर्च्युन' मासिकात मुखपृष्ठकथा म्हणून आली. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने लघवी, नपुंसकता, भीती यांबद्दल इतकं उघड लिहिणं त्या काळी दुर्मीळ होतं. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी हाच आजार १९८१ पासून तब्बल ११ वर्षं देशापासून लपवून ठेवला होता.

ही हकिकत मी इथे सांगतोय, कारण पाच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनाही प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तेव्हा घरात सल्ल्यांचा पाऊस पडत होता आणि त्यात ग्रोव्ह यांची पद्धत मला फार उपयोगी पडली. मात्र त्यांनी काय निवडलं यापेक्षा कुणाला काय विचारलं, याचा उपयोग जास्त झाला. त्यांची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक नेमकं हेच गाळतात.

आकडा ५

१९९४ च्या शरद ऋतूत नव्या फॅमिली डॉक्टरांनी ग्रोव्ह यांची नेहमीची तपासणी केली आणि रक्तात पीएसए ५ निघालं. रिपोर्टवर ० ते ४ नॉर्मल असं छापलेलं होतं. थोडंसं वाढलंय, बहुधा काळजीचं कारण नाही, पण युरॉलॉजिस्टना दाखवा, असं डॉक्टर म्हणाले.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नुकतीच नळी घातलेली असली तरी ते वाढतं. कॅन्सर हे अनेकांपैकी एक कारण. त्यामुळे एका आकड्यावर कुणी घाबरवत असेल किंवा कुणी धीर देत असेल, तर दोघांनाही थांबवायचं आणि तपासणी पुन्हा करायची. ग्रोव्ह यांनी हेच केलं, पण दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत. दोन्हीकडचे आकडे ६ च्या आसपास आणि एकमेकांच्या अगदी जवळ आले. मोजणारं यंत्र बरोबर आहे का हे आधी बघायचं, ही चिप बनवणाऱ्याची सवय. आकडा खरा आहे याची खात्री पटल्यावर मग बायोप्सी.

इथे थोडं आडवळण घेतो. १९९४ च्या त्याच हिवाळ्यात इंटेलच्या पेंटियम चिपमधली भागाकाराची चूक जगजाहीर झाली होती. कंपनीचं म्हणणं असं होतं की साध्या वापरात ही चूक एखाद्याला २७,००० वर्षांत एकदा भेटेल. गणित म्हणून ते समजण्यासारखं होतं, पण ग्राहक ऐकेनात. ज्याच्या टेबलावर ती चिप होती त्याला सरासरीशी काही देणंघेणं नव्हतं. शेवटी इंटेलने चिप बदलून द्यायचं मान्य केलं आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. पुढच्या काही महिन्यांत ग्रोव्ह स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. आता टक्केवारी डॉक्टर सांगत होते आणि तिचा अर्थ आपल्या एका शरीरासाठी लावायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यांचा लेख वाचताना मला हा धागा सतत दिसत राहतो.

ज्याच्या हातात सुरी, त्याचा सल्ला सुरीचा

ग्रोव्ह एकामागून एक तज्ज्ञांना भेटले. सर्जन म्हणाले, ऑपरेशन. रेडिएशनवाले म्हणाले, रेडिएशन. प्रत्येक गायकाने आपल्याच पट्टीत गायला सांगावं तसं हे झालं, अशा अर्थाची तुलना त्यांनी स्वतःच केली आहे. यात कुणाची लबाडी नव्हती. प्रत्येकाने आयुष्यभर आपापल्या उपचाराने बरे झालेले रुग्ण पाहिले होते, आणि दुसऱ्याच्या उपचाराने बिघडलेले तेवढे त्याच्याकडे येत होते.

मग ग्रोव्ह मूळ शोधनिबंधांकडे वळले. वेगवेगळ्या केंद्रांनी छापलेले निकाल गोळा केले आणि कोणत्या पीएसएच्या रुग्णांत किती वर्षांनी आजार परतला, हे एका कागदावर आलेखात मांडलं. सर्जन ज्याला खात्रीचा उपाय म्हणत होते त्या ऑपरेशननंतरही बऱ्याच जणांचं पीएसए पुन्हा वाढत होतं, हे त्यांना आलेखावर दिसलं. तोवर कोणत्याही डॉक्टरने हे असं शेजारी शेजारी ठेवून त्यांना दाखवलं नव्हतं.

शेवटी त्यांनी सिअ‍ॅटलला जाऊन हाय डोस रेट ब्रॅकीथेरपी घेतली. यात भूल देऊन प्रोस्टेटमध्ये पोकळ सुया घालतात. त्यांतून किरणोत्सारी इरिडियमचा कण संगणकाच्या नियंत्रणाखाली काही मिनिटं आत जातो, ठरलेल्या जागी ठरलेला वेळ थांबतो आणि बाहेर येतो. शरीरात काहीच मागे राहत नाही. त्यानंतर काही आठवडे बाहेरून रेडिएशन. यात कामाचे मोजकेच दिवस बुडाले.

ते मार्च २०१६ मध्ये, ७९ व्या वर्षी गेले. उपचारानंतर वीसहून अधिक वर्षं जगले. २००० साली त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं होतं आणि त्याच्याशीही ते शेवटपर्यंत झुंजले.

१९९६ चे तीन अमेरिकन

ग्रोव्ह यांच्या लेखाच्या महिनाभर आधी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ होते, तेही प्रोस्टेट कॅन्सरसाठीच. आखाती युद्धाच्या या सेनापतीने १९९४ साली ऑपरेशन करून घेतलं होतं. अर्थजगतातले मायकेल मिल्कन यांचं निदान १९९३ चं, वय अवघं ४६. त्यांचा आजार लसिकाग्रंथींपर्यंत गेला होता, म्हणून हार्मोन रोखणारी औषधं आणि रेडिएशन घेतलं, आहारही पूर्ण बदलला. तिघेही त्या काळात आपापली गोष्ट जाहीरपणे सांगत होते आणि तिघांच्याही आवाजात खात्री होती.

त्या वेळी निदान झालेला एखादा माणूस ही तीन आयुष्यं शेजारी ठेवून काय शिकला असता? एकाने काढून टाकलं, एकाने आतून जाळलं, एकाने हार्मोन थांबवले, आणि तिघेही जगले. यावरून कोणता उपचार चांगला हे ठरवता येत नाही. तिघांचा आजार वेगळ्या टप्प्यावर होता. आणि ज्यांचं बरं झालं नाही ते मुखपृष्ठावर नव्हते. संगीतकार फ्रँक झॅपा १९९० साली निदान झाल्यावर १९९३ च्या डिसेंबरात ५२ व्या वर्षी गेले. त्यांचा आजार सापडला तेव्हाच उशीर झाला होता.

जो वाचला तोच गोष्ट सांगतो. आणि त्याने जे निवडलं ते बरोबर होतं असं त्याला मनापासून वाटतं, कारण तसं वाटलं नाही तर रोजचं जगणं कठीण होईल. यात खोटं काही नाही. मात्र ऐकणाऱ्याने त्या गोष्टीतून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आमच्या ओसरीवर

अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. तेव्हा वय ६६, पीएसए ९.२. एमआरआय झाला, बायोप्सी झाली. गाठ किती आक्रमक आहे हे सांगणारा ग्लीसनचा आकडा ३+४, म्हणजे बेरीज ७. हाडांच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. गावात बातमी दडत नाही. आठवड्याभरात ओसरीवर तीन जण येऊन गेले.

पहिले अण्णांचे जुने सहकारी. म्हणाले, "गुरुजी, किडलेला दात कुणी ठेवतं का? काढून टाका. मी चार वर्षं ठणठणीत आहे." दुसरे आत्याचे यजमान, त्यांनी रेडिएशन घेतलेलं. "टाका नाही, रक्त नाही. सकाळी जायचो, दुपारी जेवायला घरी." तिसरे भावकीतले एक आजोबा, ८१ वर्षांचे. "मला दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी काही केलं नाही. बघ, चालत आलोय."

मी तिघांचं ऐकून गोंधळलो होतो. आई चहाचे कप उचलत होती. तिने आत्याच्या यजमानांना सहज विचारलं, "भावजी, रात्री किती वेळा उठता आता?"

ते थांबले. मग म्हणाले, "तीनदा. पहिलं वर्षभर तर पाचदा. जळजळ व्हायची. एकदा संडासवाटे रक्त गेलं, तेव्हा घाबरलो होतो, पण ते थांबलं."

त्या एका प्रश्नानंतर सगळं बोलणंच बदललं. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः सहकाऱ्यांच्या घरी गेले आणि असंच विचारून आले. ठणठणीत म्हणणाऱ्या त्या गुरुजींनी कोनाड्यातली कापडी पिशवी काढून दाखवली. आत दोन पॅड, एक जादा पायजमा, एक प्लॅस्टिकची पिशवी. लग्नाला, तेराव्याला, जिथे जाईन तिथे ही बरोबर असते, म्हणाले. शिंक आली किंवा ओझं उचललं की थेंब जातात. पहिले सहा महिने फार हाल झाले, आता एखाददुसऱ्या वेळीच. आजोबांनी काही केलं नाही हे खरं होतं, पण त्यांची फाईल बघितल्यावर कळलं की त्यांची गाठ ग्लीसन ६ ची, सगळ्यात सौम्य. शिवाय त्यांचा मुलगा दर सहा महिन्यांनी त्यांचं पीएसए करून आणत होता. 'काही केलं नाही' याचा अर्थ नियमित लक्ष ठेवलं, असा होता.

अण्णांनी शंभर पानी वही घेतली आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे डॉक्टरांना विचारायचं: माझ्या टप्प्याच्या माणसांत आजार परतण्याचं प्रमाण किती, तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आजार परतला तर पुढे काय करता येतं. उजवीकडे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारायचं: नळी किती दिवस होती, पॅड कधी सुटलं, शेतावर कधी गेलात, रात्री झोप लागते का. त्यांनी ग्रोव्ह यांचं नावही तेव्हा ऐकलेलं नव्हतं. पण काम तेच होतं. जगण्याचा अनुभव जगलेल्यांकडून, आणि शक्यता मोजलेल्या निकालांतून. हे दोन रकाने कधी एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

केबिनबाहेर

एक गोष्ट या वहीत नव्हती. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "लैंगिक संबंधांबद्दल काही प्रश्न?" केबिनमध्ये मी होतो, माझी बहीण होती, आई होती. अण्णा लगेच म्हणाले, "आता काय करायचंय त्याचं." विषय संपला. मला वाटलं, खरंच संपला.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दार वीस मिनिटं बंद होतं. आत काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही. पण बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा मोकळा होता. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून जातात. त्या वाचवून ग्रंथी काढायची रीत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ पासून रूढ केली. त्या वाचवता येतील की नाही हे गाठीच्या जागेवर अवलंबून असतं, आणि हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारावा लागतो. आपल्याकडे रुग्णाबरोबर सगळं घर केबिनमध्ये शिरतं. मायेपोटीच शिरतं. पण साठीपुढच्या माणसालाही काही गोष्टी मुलांसमोर बोलता येत नाहीत. मुलांनी तेवढ्या वेळासाठी स्वतःहून उठून जावं, हे मी आता ज्याला त्याला सांगतो.

ग्रोव्ह यांच्याकडे जे नव्हतं

ग्रोव्ह यांच्या आलेखात एक उणीव होती, आणि ती त्यांच्या हातातली नव्हती. त्यांनी वापरलेले निकाल प्रत्येक केंद्राने आपापल्या रुग्णांचे छापलेले होते. कोण कुठल्या केंद्राकडे गेला हे आधीच ठरलेलं. धडधाकट माणसं ऑपरेशनला, वयस्कर किंवा हृदयविकार असलेली रेडिएशनला. सारख्या माणसांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळे उपचार द्यायचे आणि वर्षानुवर्षं पाहत राहायचं, तशी मोठी तुलना १९९५ साली त्यांना उपलब्ध नव्हती.

ती पुढे ब्रिटनमध्ये झाली. 'प्रोटेक्ट' नावाच्या अभ्यासात ५० ते ६९ वयाच्या, आजार प्रोस्टेटपुरताच असलेल्या १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन किंवा देखरेख या तीन गटांत वाटलं. १५ वर्षांचे निकाल २०२३ साली आले. प्रोस्टेट कॅन्सरने मरण पावलेले देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या गटात २.२, रेडिएशनच्या गटात २.९. हा फरक निर्णायक नव्हता. आजार शरीरात इतरत्र पसरणं मात्र देखरेखीच्या गटात जास्त होतं, ९.४ टक्के. बाकीच्या दोन गटांत ५ च्या आसपास. आणि देखरेखीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनी या काळात केव्हा ना केव्हा ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलं.

त्रासाचे आकडेही याच अभ्यासातले. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. रेडिएशनच्या गटात सहा वर्षांनी ४ टक्के. संबंधांपुरती ताठरता सुरुवातीला ६७ टक्क्यांना होती. सहा महिन्यांनी ती ऑपरेशनच्या गटात १२, रेडिएशनच्या गटात २२ आणि देखरेखीच्या गटात ५२ टक्क्यांना उरली. ती कोनाड्यातली कापडी पिशवी मला या आकड्यांत दिसते. गुरुजी ४६ मध्येही होते आणि १७ मध्येही.

ग्रोव्ह यांना आज काय सुचवलं गेलं असतं? मध्यम आक्रमक गाठ म्हटल्यावर बहुधा उपचारच. पण कमी जोखमीच्या गाठीला आज जगभर आधी लक्षपूर्वक देखरेख सुचवतात, आणि बायोप्सीच्या आधी एमआरआय करतात. 'फॉर्च्युन'मधल्या त्या लेखाचा सूर असा होता की प्रत्येक पुरुषाने पीएसए करून घ्यावं. त्यात मनापासूनची कळकळ होती, पण पुढची वर्षं गुंतागुंतीची गेली. कधी त्रासच दिला नसता अशा गाठीही सापडू लागल्या आणि त्यांवर उपचार झाले. अमेरिकेच्या प्रतिबंधक तपासण्यांसंबंधीच्या तज्ज्ञगटाने २०१२ साली सरसकट पीएसए नको असं सांगितलं. २०१८ साली ते बदलून, ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा, असं म्हटलं. आपल्याकडे अडचण बरेचदा उलटी असते. कंबरदुखी घेऊन माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो आणि तिथे कळतं की आजार हाडांत पोचलाय. तेव्हा ग्रोव्ह यांच्यासारखी निवड करायला फारसं काही उरलेलं नसतं.

अण्णांनी काय केलं

अण्णांनी ऑपरेशन निवडलं. कारणं वहीत लिहिलेली आहेत आणि ती वैद्यकीयपेक्षा संसारी जास्त आहेत. रेडिएशनचं केंद्र दीड तासावर, आठवड्यातून पाच दिवस, तेही कित्येक आठवडे. आईचे गुडघे दुखतात, तिला एकटी ठेवायची नव्हती. गाठ काढल्यावर ती प्रत्यक्ष कितपत पसरली होती हे कळेल, ही माहिती त्यांना हवी होती. आणि पुन्हा आजार आलाच तर तेव्हा रेडिएशन करता येईल, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. हल्ली निवडक रुग्णांना बाहेरचं रेडिएशन पाच बैठकांत देता येतं, त्यामुळे आज हाच हिशोब मांडला असता तर कदाचित उत्तर वेगळं आलं असतं. ग्रोव्ह यांनी ऑपरेशन नाकारलं, अण्णांनी घेतलं. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

नळी दहा दिवस होती. पॅड सात महिन्यांनी सुटलं. अजूनही पोतं उचलताना ते आधी थांबतात, श्वास घेतात, मग उचलतात. पीएसए शोधूनही सापडत नाही इतकं कमी आहे, दर सहा महिन्यांनी करतो.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावचे एक गृहस्थ ओसरीवर आले. रिपोर्टचा कागद मुठीत चुरगाळलेला. "गुरुजी, तुम्ही काय केलंत ते सांगा, मी तेच करतो." अण्णांनी त्यांना बसवलं, कागद मांडीवर ठेवून हाताने सरळ केला, चष्मा लावला आणि ग्लीसनचा आकडा शोधला. मग कपाटातून नवीन वही काढून मधोमध रेघ मारली आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं? आणि रात्री किती वेळा उठावं लागतं?"